भिंत पांढरी होण्याआधी

"अहो, थांबा! ते घुबड फेकू नका!"

गाडीचं दार उघडंच टाकून टेगन चिखलातून धावत सुटली. फाटकापाशी एक उंच, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. त्याच्या हातात दोऱ्याच्या गाठींनी विणलेलं भलंमोठं घुबड होतं. पिकअपच्या हौद्यात जुन्या गाद्या, मोडक्या फळ्या, भोकं पडलेले गालिचे यांचा ढीग रचला होता आणि ते बिचारं घुबड त्या ढिगाच्या दिशेनं झोके घेत होतं.

"जिवंत नाहीये ते," तो शांतपणे म्हणाला.

"ते मलाही दिसतंय! पण हातानं विणलंय कुणीतरी... हे डोळे बघा, लाकडी मणी आहेत. किमान चाळीस वर्षांचं असेल."

"आत झुरळं आहेत. तीही चाळीस वर्षांची असतील."

"झुरळं जातील. घुबड गेलं तर पुन्हा मिळायचं नाही."

त्यानं घुबडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर ओले केस चिकटले होते, डोळे मोठे झाले होते आणि धावल्यामुळे श्वास लागला होता.

"दोघांपैकी जास्त घाबरलेलं कोण, तेच कळेना," तो म्हणाला आणि त्यानं घुबड तिच्या हातात दिलं.

टेगन हसली. अन् नेमकी तेव्हाच पावसाची मोठी सर आली. फेब्रुवारीतली, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातली, डोंगरावरून पत्रे वाजवत येणारी. दोघंही व्हरांड्याकडे पळाली... घुबड मध्ये धरून.

टेगन अठ्ठावीस वर्षांची होती. ऑस्ट्रेलियातल्या लिस्मोर शहराच्या वरच्या डोंगरात कुराबेल नावाचं लहानसं गाव होतं, तिथं तिचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात गिटारी आणि तान्ही पोरं पाठीवर घेऊन लांब केसांची तरुण मंडळी याच डोंगरांत येऊन राहिली होती. त्यांनी स्वतः घरं बांधली, भिंती रंगवल्या, दोऱ्यांची झुंबरं विणली. आता ती मंडळी म्हातारी झाली होती आणि त्यांच्या घरांतून निघालेल्या वस्तू टेगनच्या दुकानात येत होत्या. मोराच्या पिसाऱ्यासारख्या पाठीच्या वेताच्या खुर्च्या, नारिंगी काचेचे दिवे, गाण्यांच्या तबकड्या. सगळं तिच्या जन्माआधीचं. तरी त्यातली एकेक वस्तू पुसताना तिला आपल्याच हरवलेल्या घरातलं काहीतरी सापडल्यासारखं वाटायचं. जोडीला ती गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायची. तिचा हात चांगला होता, पण चित्र मात्र ती नेहमी दुसऱ्याचं बघून काढायची.

"आणखी असलं काही आहे आत?" व्हरांड्यात पाणी निथळत असतानाच तिनं विचारलं.

"घरभर आहे. माझ्या बापानं गेल्या पंचेचाळीस वर्षांत काही टाकलं असेल तर शपथ! या, बघा." मग त्यानं हात पुढे केला. "मी रायन."

आत पाऊल टाकलं आणि टेगन जागच्या जागी थांबली.

समोरची अख्खी भिंत गात होती.

पंधरा-सोळा फूट लांबीची, आडव्या फळ्यांची भिंत. मधोमध एक बाई, डोळे मिटलेले, मान मागे झुकलेली, ओठ उघडे. तिचे तांबडे केस मोकळे सुटून भिंतभर पसरले होते. पुढे पुढे त्या केसांच्याच लाटा झाल्या होत्या आणि लाटांवर गिटारींच्या होड्या तरंगत होत्या. एका कोपऱ्यात कुणी दाढीवाला सूर्यालाच ढोल करून बडवत होता. कर्ण्यांच्या तोंडांतून फुलं सांडत होती. नारिंगी, मोहरीपिवळा, चॉकलेटी, मोरपंखी... रंग ठिकठिकाणी उडाले होते, छपराच्या गळतीनं डाग पडले होते. तरी भिंत गात होती.

"तुम्ही... तुम्ही हे सांगितलं का नाही?" ती पुटपुटली.

"काय सांगायचं? पुढच्या शुक्रवारपर्यंत पांढरा रंग मारायचाय तिला."

टेगननं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो नकळत एक पाऊल मागे सरला.

सगळी हकिगत साधीच होती. त्याचे वडील डेस इथं एकटेच राहत होते. गेल्या हिवाळ्यात पायऱ्यांवरून पडले, खुबा मोडला. आता लिस्मोरच्या वृद्धाश्रमात होते आणि घरी परतण्याची आशा नव्हती. घर सिडनीच्या एका जोडप्यानं घेतलं होतं. आतून सगळं पांढरं करून द्यायचं, ही त्यांची अट. रायन पर्थकडे एका खाणीत वायरमन होता, दोन आठवड्यांची सुट्टी काढून घर रिकामं करायला आला होता.

"मला ती उतरवून घेऊ दे," टेगन म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिचं तिलाच कळलं नाही. "ट्रेसिंग पेपर लावून, रेघ न् रेघ. नंतर मार पांढरा."

"सोळा फूट?"

"दुपारी दुकान बंद ठेवीन."

रायननं खांदे उडवले. "ये. पण चहा तू करायचा. माझा चहा प्यायलीस तर पुन्हा यायची नाहीस."

का कुणास ठाऊक, पण तिनं पुन्हा यावं असं त्याला वाटत होतं... हे त्या वाक्यात जरा जास्तच स्पष्ट दिसलं. तो घाईनं गादी उचलायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवसापासून टेगन येऊ लागली. ती शिडीवर, हातात पेन्सिल. खाली रायन, दोन्ही हातांनी कागद दाबून धरलेला.

"श्वास घेऊ नकोस. कागद हलतो."

"किती वेळ?"

"खांद्यापासून गुडघ्यापर्यंत येईस्तोवर."

"कुणाच्या?"

पेन्सिलचं टोक मोडलं. "हिच्या!" टेगन भिंतीवरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते आणि शिडीखालून ते नीट दिसत होते.

डेसचा रेकॉर्ड प्लेअर अजून चालायचा, फक्त सुईवर एक नाणं ठेवावं लागे. रोज दुपारी रायन डोळे मिटून एक तबकडी काढायचा आणि लावायचा. तिला ती गाणी पाठ होती, त्याला ती नकोशी झाली होती. ती गुणगुणायची, तो कपाळाला आठ्या घालायचा. तिसऱ्या दिवशी ती गुणगुणायची थांबली, तर तोच म्हणाला, "आज घसा बसलाय का?"

"तुला कसं रे हे सगळं आवडत नाही?" एकदा चहा पिता पिता तिनं विचारलं. "अशा घरात लहानाचा मोठा झालास!"

"म्हणूनच. तू या खुर्च्या दुकानात बघतेस, मी त्यांत बसलोय. वेताची टोकं कुठं कुठं टोचतात, विचार मला." त्यानं वर छताकडे पाहिलं. "पाऊस आला की सात बादल्या लावायचो. डेस म्हणायचा, ऐक, छप्पर वाजतंय! मी म्हणायचो, डेस, माझी गादी भिजतेय."

टेगन खळखळून हसली.

"हसू नकोस. शाळेत सगळ्यांच्या डब्यात हॅम, माझ्या डब्यात उकडलेला मसूर भरलेला ब्रेड. एका मित्राच्या घरी पांढऱ्या भिंती होत्या आणि पांढरा सोफा. मी नुसता त्यावर बसायला म्हणून तीन मैल चालत जायचो."

"तो सोफा आमच्याकडे होता," टेगन म्हणाली. "गोल्ड कोस्टला, चौदाव्या मजल्यावर. सगळं पांढरं. आंबा खायचा तर बाल्कनीत उभं राहून, खाली वाकून. भिंतीला बोट लागलं की आई फडकं घेऊन मागे. मी सात वर्षांची असताना खडूनं एक मांजर काढलं होतं... संध्याकाळपर्यंत रंगारी बोलावला."

तबकडी संपून सुई खरखरत राहिली.

"आपण घरं बदलून घ्यायला हवी होती," तो म्हणाला.

"मग आपली भेटच झाली नसती."

"झाली असती. मी तुझ्या आईचा सोफा वाचवायला धावत आलो असतो."

ती मान खाली घालून हसली. तो उठला आणि एकदम थांबला. "हलू नकोस. पाय दे इकडे."

"काय?"

"जळू. घोट्यावर."

टेगननं डोळे गच्च मिटले. तो स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ घेऊन आला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं तिचं पाऊल आपल्या तळहातावर हलकेच तोललं. मीठ लागताच जळू गळून पडली, तरी पाऊल काही तळहातावरून उतरलं नाही.

"गेली?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"...गेली."

"मग?"

"काही नाही. दुसरी आहे का बघतोय."

दुसरी नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

बुधवारी वाटेवरच्या ओढ्याला पूर आला. दुपारी बाराला पाऊस कोसळू लागला आणि तासाभरात ओढ्यावरच्या फरशीपुलावरून तांबडं पाणी धो धो वाहू लागलं. टेगनची गाडी अलीकडे, गाव पलीकडे. पाणी उतरेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल फारसं दुःख कुणालाच नव्हतं.

घर आता जवळजवळ रिकामं झालं होतं. राहिलं होतं ते भिंतीला लागून असलेलं तबकड्यांचं लांबुळकं कपाट, एक खुर्ची आणि सात बादल्या. पाणी टपकत होतं, प्रत्येक बादलीचा सूर निराळा. पावसातच मध्ये ऊन डोकावलं, खिडकीतून तिरकी, पिवळी तिरीप आत आली. टेगन शिडीवरून उतरली. शेवटची पायरी ओली होती, पाय सरकला. रायननं तिला धरलं आणि मग सोडलं नाही.

"लागलं?"

"नाही..."

त्याच्या पापण्यांवर चुन्याची बारीक धूळ होती. तिला ती पुसाविशी वाटली. तो खाली झुकला. तिनं मान वर केली. त्याचा श्वास गालाला लागला, आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून तिची नजर भिंतीवर गेली. तिरक्या उन्हात रंगाखालचा रंग उठून दिसत होता.

"रायन! तिचे केस आधी आखूड होते!"

तो तसाच थांबला. मग हळूहळू सरळ झाला. हात बाजूला घेतले.

"अरे, बघ ना! वरचा तांबडा रंग नंतर चढवलाय. नाकही बदललंय, आणि..." ती बोलता बोलता अडखळली. त्याचा चेहरा पाहून तिला कळलं, आपण काय केलं ते.

"टेगन," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "तू इथं कुणासाठी येतेस? माझ्यासाठी, की तिच्यासाठी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिला ते जमेना. "मला... माहीत नाही."

त्यानं मान डोलावली. "ती कोण आहे, ठाऊक आहे? माझी आई. मी नऊ वर्षांचा असताना एका सकाळी निघून गेली. न्यूझीलंडला असते, नाताळला कार्ड पाठवते. ती गेल्यावर पुढची नऊ वर्षं मी इथं टेबलापाशी तिच्यासमोर बसून जेवलो. ती डोळे मिटून गातेय आणि आम्ही दोघं बापलेक मसूर खातोय." तो खिडकीशी गेला. "तुला हे सुंदर दिसतं. असेलही. मला ती भिंत पांढरी व्हायला हवीय."

चारच्या सुमारास पाणी उतरलं. टेगननं कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि निरोप न घेता निघाली. फरशीवरून गाडी घालताना तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि पाऊस तर केव्हाच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकान उघडते तोच पिकअप दाराशी उभी राहिली. रायन आत आला. रात्रभर झोपला नसावा.

"आईचे केस कधीच आखूड नव्हते," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "माझ्याकडे तिचे फोटो आहेत. शाळेतलेसुद्धा. कंबरेपर्यंत वेणी. मग खाली आखूड केसांचं कोण?"

"मला काय ठाऊक?"

"डेसला ठाऊक असेल. मी चाललोय त्याच्याकडे. तू..." तो घुटमळला. "तू येशील? ते पाहिलंस तू. मला सांगता नाही यायचं."

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात डेस चाकांच्या खुर्चीत ऊन खात बसला होता. पांढऱ्या केसांची बारीक वेणी, सगळ्या बोटांत चांदीच्या अंगठ्या, पायांवर कुणीतरी विणलेली रंगीबेरंगी चौकटींची शाल.

"ऑरायन!" तो लांबूनच ओरडला. "ही कोण? तुझी बायको?"

"नाही!" दोघंही एकदम म्हणाली.

टेगननं हळूच वळून पाहिलं. "ऑरायन?"

"मोठेपणी पहिलं अक्षर टाकून दिलं मी," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"आकाशातला शिकारी, मृग नक्षत्राचा!" डेस अभिमानानं म्हणाला. "जन्मला तेव्हा डोक्यावर होता. आणि हा पठ्ठ्या रायन म्हणवून घेतो. लोक भिंती पांढऱ्या करतात, यानं नाव पांढरं केलं."

टेगनला हसू आवरेना. रायनही हसला असता, पण ज्यासाठी आला होता ते त्याला आधी विचारायचं होतं. त्यानं फोनमधला भिंतीचा फोटो बापापुढे धरला. "डेस, आईच्या केसांखाली कुणाचे केस आहेत?"

डेसनं चष्मा लावला. फोटो बघितला. मग मुलाकडे असा बघत राहिला, जणू त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"आईच्या? अरे, ही लिनेट नव्हे. ही बेव्ह! चौऱ्याहत्तर सालची. आमच्या बँडमध्ये गायची. तेव्हा तुझी आई मला भेटलीसुद्धा नव्हती. पुढे बेव्हनं केस वाढवले, एका शनिवारी आली आणि म्हणाली, माझे केस लांब कर, नाक लहान कर. आम्ही केलं." त्यानं चष्मा काढला. "तुला वाटत होतं... ही लिन आहे?"

रायननं फोन खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला. एवढी वर्षं जिच्यावर रागावलो ती कुणी भलतीच बाई निघाली, तर माणसानं बोलायचं तरी काय!

"लिननं स्वतःला कधी काढू दिलं नाही," डेस म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "सगळे मागे लागायचे. ती म्हणायची, मला भिंतीवर राहायचं नाही. घरातही नाही राहिली, ते सोड. माझंही चुकलं असेल. पण तिनं काढलंय बरं का त्या भिंतीवर. खाली. तुझ्या उंचीला. तू तीन-साडेतीन वर्षांचा होतास."

"खाली काही नाहीये, डेस. कपाट आहे."

"कपाट मी सरकवलं तिथं," म्हातारा म्हणाला. "ती गेल्यावर. मला बघवेना रे."

व्हरांड्याबाहेर निळ्या फुलांच्या झुडपावर मधमाश्या घोंघावत होत्या.

टेगननं विचारलं, "डेस, उद्या ती भिंत पांढरी होणार. तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं तर!" डेस म्हणाला. "पण पोरी, आम्ही ते घर घेतलं तेव्हा त्या भिंतीवर गुलाबांचा कागद होता. आधीच्या म्हातारीनं लावलेला. आम्ही एका दुपारीत खरवडून काढला. तिची मुलगी आली होती, फाटकाशी उभी राहून रडली. मला तेव्हा हसू आलं होतं. आता नाही येत." त्यानं तिच्या पेन्सिलीनं काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "तू आमच्या रेघा गिरवतेयस म्हणे. गिरव. पण तुझ्या रेघा कुठायत?"

टेगननं बोटं मुठीत झाकून घेतली.

घरी पोचल्यावर दोघांनी सरळ कपाटाला हात घातला. तबकड्या आधीच खोक्यांत गेल्या होत्या, तरी ते शिसवी धूड हलता हलेना. तिसऱ्या धक्क्याला ते करकरत बाजूला झालं.

मागच्या खालच्या दोन फळ्यांवरचे रंग कालच लावल्यासारखे ताजे होते.

जमिनीपासून वीतभर उंचीवर एक मिरवणूक चालली होती. नाकतोडे सारंगी वाजवत होते, ढालकिडा स्वतःच्याच पाठीवर ताल धरत होता, गोगलगाईच्या पाठीवर शंखाऐवजी तबकडी होती. एका मुंगीनं आपल्या चौपट कर्णा उचलला होता. आणि सगळ्यांच्या पुढं, हातात लाकडी डाव उंच धरून, पिवळे गमबूट घातलेला एक एवढासा मुलगा.

रायन जमिनीवर बसला. मग, बघण्यासाठी, पालथा झोपला.

"ती अशीच झोपायची," तो म्हणाला. "पोटावर. कसा विसरलो मी हे? मी रंगाचं झाकण धरायचो. ती विचारायची, आता कुणाला बोलावू या? आणि मी सांगायचो..." त्यानं गोगलगाईवरून बोट फिरवलं. "गोगलगाय मी सांगितली होती. मी सांगितली होती, टेगन."

टेगन त्याच्या शेजारी झोपली. तिला भिंतीवरचं सगळं दिसत होतं, पण ती त्याच्याकडे बघत होती. तिनं आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. त्यानं तो धरला.

"फळ्या खिळ्यांनी ठोकल्यात," थोड्या वेळानं ती म्हणाली. "निघतील. दोनच तर आहेत. त्यांच्या जागी नव्या ठोक. सिडनीवाल्यांना पांढरं हवंय, पांढरं मिळेल."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून एकेक खिळा अलगद उपसला. नाकतोड्याचा एक पाय तेवढा तुटला. उतरलेल्या फळ्या गोधडीत गुंडाळताना रायन म्हणाला, "बाकीचं उद्या मी एकटा रंगवतो. तू येऊ नकोस. तुला बघवायचं नाही."

"बरं," टेगन म्हणाली. त्यानं अडवावं असं तिला वाटलं. तिनं 'येते' म्हणावं असं त्याला वाटलं. तिनं गाडीची किल्ली चाचपली आणि ती निघाली.

शुक्रवारी टेगननं दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर तो ट्रेसिंग पेपर चिकटवला. पाटी रंगवायची ती भिंत तीन वर्षं कोरीच पडली होती. इथंच उतरवावं सगळं, असं तिच्या मनात होतं. हातात खडू घेतला, बेव्हच्या खांद्याची रेघ गिरवायला सुरुवात केली. कागद वाऱ्यानं हलत होता. "श्वास घेऊ नकोस," ती सवयीनं म्हणाली आणि मागं कुणीच नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. समोर भिंत होती, सोळा फुटांची, रेघ न् रेघ तिचीच झालेली. आणि तिला त्या जुन्या भिंतीची जराही आठवण येत नव्हती. आठवत होता तो शिडीखालचा श्वास. सुईवर नाणं ठेवणारी बोटं. पापण्यांवरची धूळ.

तिनं कागद उतरवला, गुंडाळला. मग कोऱ्या भिंतीवर, काही न बघता, खडूनं एक लांब रेघ ओढली. वाकडी आली. तिनं ती पुसली नाही. अंधार पडेपर्यंत ती काढत राहिली.

शनिवारी सकाळी ती डोंगर चढून गेली. दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या, ओल्या रंगाचा वास फाटकापर्यंत येत होता. रायन दोन्ही हातांना पांढरा रंग फासलेला, मधल्या खोलीत रोलर पुसत उभा होता. तिला पाहून तो दचकला.

"संपली भिंत," तो म्हणाला.

"हो का?"

"काही विसरली होतीस?"

"उत्तर द्यायचं राहिलं होतं." ती म्हणाली. "बुधवारी तू विचारलंस, मी कुणासाठी येते. मला खरंच माहीत नव्हतं रे. आता आहे."

रोलरमधून पांढरे थेंब जमिनीवर पडत होते.

"आत आल्यापासून मी भिंतीकडे पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "ती पांढरी आहे की निळी, मला ठाऊक नाही. मी तुझ्यासाठी आलेय... ऑरायन."

"ते नाव घेतलंस तर परत पाठवीन."

"पाठव."

त्यानं पाठवलं नाही. रोलर मात्र खाली ठेवला. "मीही एक करून बसलोय," तो म्हणाला. "काल कंपनीला फोन केला. क्वीन्सलंडच्या खाणीत जागा आहे. विमान इथून जवळच, कूलंगट्टाहून सुटतं. दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी. सुट्टी कुठं घालवतो, ते कुणी विचारत नाही. विचारलं डेससाठीच..." तो थांबला. "म्हणजे निम्मं डेससाठी."

"आणि उरलेलं निम्मं?"

"उरलेलं निम्मं न सांगता निघून गेली होती. बुधवारी, ओढा उतरल्यावर."

"आता आलीय."

"दिसतंय." तो जवळ आला आणि दोन्ही हात वर धरून उभा राहिला, एखाद्या शरण आलेल्या शिपायासारखा. "हात लावू शकत नाही. रंग ओला आहे."

"रायन," टेगन म्हणाली, "लहानपणापासून मला कुणी ना कुणी तेच सांगत आलंय." आणि तिनं स्वतःच त्याला जवळ ओढलं.

यावेळी तिचे डोळे मिटलेले होते.

दुपारी दोघं फळ्या घेऊन डेसकडे गेली. त्याच्या पलंगाशेजारी, झोपल्याजागी दिसतील अशा उंचीवर त्या बसवल्या. म्हाताऱ्यानं एक एक किडा बोट लावून मोजला. मुंगीपाशी हसला. गमबुटांपाशी बोट बराच वेळ थांबलं. मग तो उशीवर मान टाकून टेगनला म्हणाला, "पोरी, ती खिडकी जरा उघड. उजेड येऊ दे."

टेगन खिडकीकडे वळली, आणि तिच्या निळ्या सदऱ्याच्या पाठीवर उमटलेले दोन मोठ्ठे पांढरे पंजे डेसला दिसले.

त्यानं ते पाहिले. मग मुलाच्या हातांकडे पाहिलं. मग पुन्हा पाठीकडे.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "तुला भिंत रंगवायला सांगितली होती!"